बढतीची नोंद कोण दुरुस्त करणार?

रत्नागिरी जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्यांना फौजेची नोकरी नवी नाही. मंडणगड तालुक्यातले आंबडवे हे परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सुभेदार झाले. दापोलीच्या कॅम्पात पेन्शनर महार सैनिकांची वस्तीच होती. ज्या घरात कुणी फौजेत होते त्या घरात एक पत्र्याची ट्रंक असते. ट्रंकेत पदके, जुना बेल्ट आणि खाली पिवळे पडलेले कागद. पदके सगळ्यांना दाखवली जातात. कागद कुणी वाचत नाही. पण पेन्शन किती, हुद्दा कोणता, सेवा किती वर्षांची, हे सारे त्या कागदांवरूनच ठरते. कागदात चूक असेल तर ती माणसाच्या पश्चात त्याच्या विधवेलाही भोवते.

आज या स्तंभात एका अडगळीतल्या विषयावर लिहायचे आहे. राखीव दलातला, म्हणजे प्रादेशिक सेनेतला अधिकारी आपल्या बढतीची नोंद चुकली आहे असे म्हणत दाद मागतो, तेव्हा त्याच्यापुढे कोणते रस्ते असतात? प्रश्न मूठभरांचा आहे असे कुणी म्हणेल. पण आपल्या समाजातून अधिकारी झालेलेच मूठभर आहेत. त्यातल्या एकाचीही बढती कागदाच्या चुकीने अडली तर ती घटना छोटी नाही.

प्रादेशिक सेना, इंग्रजीत टेरिटोरियल आर्मी, १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिचे रीतसर उद्घाटन झाले. कल्पना अशी की, शिक्षक, वकील, कारखान्यातला इंजिनियर, शेतकरी यांनी आपला पोटापाण्याचा धंदा सांभाळून वर्षातले काही दिवस लष्करी शिक्षण घ्यावे आणि गरज पडली की गणवेश चढवावा. कोल्हापूरला मराठा लाइट इन्फन्ट्रीशी जोडलेली १०९ वी बटालियन आहे. महार रेजिमेंटशी जोडलेली ११५ वी बटालियन आहे. देवरूखहून साखरपा गाठला, आंबा घाट चढला की कोल्हापूर. म्हणजे आपल्या भागातल्या पदवीधर तरुणाला ही गोष्ट काही परदेशातली नाही.

आता मेख बघा. प्रादेशिक सेनेतल्या माणसाची सेवा सलग नसते. त्याला बोलावून प्रत्यक्ष सेवेत घेतात, त्याला 'एम्बॉडी' करणे म्हणतात. काम संपले की घरी पाठवतात. पुन्हा बोलावतात, पुन्हा पाठवतात. पेन्शनसाठी मोजला जातो तो फक्त एम्बॉडी केलेला काळ. अधिकाऱ्याला एकूण २० वर्षे आणि जवान, हवालदार, जे.सी.ओ. यांना १५ वर्षे भरावी लागतात. नियमित सैन्यातल्या माणसाची भरतीची तारीख आणि निवृत्तीची तारीख अशा दोन तारखा बरोबर असल्या की बरेचसे निभावते. प्रादेशिक सेनेतल्या माणसाच्या आयुष्यात अशा तारखा डझनाने असतात. प्रत्येक वेळी बोलावल्याची नोंद, घरी पाठवल्याची नोंद, प्रत्येक नोंदीचा 'पार्ट टू ऑर्डर'. त्यातला एक कागद युनिटमधून वर गेलाच नाही, तर तेवढे महिने हवेत विरतात. माणूस सीमेवर उभा होता, थंडीत पहारा दिला, पण कागदावर तो तेव्हा देवरूखच्या बाजारात भाजी घेत होता!

बढतीचेही तसेच. प्रादेशिक सेनेत लेफ्टनंट कर्नलपर्यंतची बढती ठरावीक वर्षे आणि ठरावीक अटी पुऱ्या केल्यावर मिळते. त्यावर कर्नल आणि ब्रिगेडियर या जागा निवडीने भरल्या जातात. पहिल्या टप्प्यात सेवेची मोजणी चुकली तर माणूस मागे पडतो. दुसऱ्या टप्प्यात त्याच्याविषयी वरिष्ठांनी काय लिहून ठेवले आहे ते आडवे येते. पहिली चूक कारकुनाची, दुसरी साहेबाची. कारकुनाची चूक निदान सापडते तरी!

(जाता जाता एक सांगायला हरकत नाही. २०११ साली महेंद्रसिंग धोनी यांना याच प्रादेशिक सेनेत मानद लेफ्टनंट कर्नल करण्यात आले. त्यांनी नंतर पॅराशूट उड्यांचे प्रशिक्षणही घेतले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच हुद्द्यासाठी वर्षानुवर्षे तारखा जुळवत बसणारा अधिकारी त्या दिवशीच्या पेपरातला फोटो कोणत्या नजरेने पाहत असेल, याचा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.)

साहेबाच्या लिहिण्याला आपल्याकडे 'सी.आर.' म्हणतात. गोपनीय अहवाल. या शब्दाची आपल्या वाचकांना वेगळी ओळख करून द्यायला नको. जिल्हा परिषद, महसूल, पाटबंधारे, एस.टी., बँक, कुठलेही खाते घ्या. मागासवर्गीय कर्मचाऱ्याला बिंदुनामावलीने नोकरी दिली जाते आणि सी.आर.ने बढती रोखली जाते, हा दोन पिढ्यांचा अनुभव आहे. तोंडावर गोड बोलायचे आणि अहवालात 'साधारण' लिहायचे. बढतीची यादी लागली की मग कळते. महाराष्ट्रात पदोन्नतीतल्या आरक्षणाचा शासन निर्णय २००४ साली निघाला, उच्च न्यायालयाने ४ ऑगस्ट २०१७ रोजी तो रद्द ठरवला आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने राखीव ३३ टक्के जागाही सेवाज्येष्ठतेने भरायचे ठरले. त्याविरुद्ध आपल्या संघटना रस्त्यावर उतरल्या. पण लष्कराच्या बढतीत आरक्षण हा विषयच नाही. तिथे सारा भार सी.आर.वर.

सी.आर.च्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २००८ रोजी एक मोठा निकाल दिला. देव दत्त नावाचे सीमा रस्ते संघटनेतले कार्यकारी अभियंता होते. त्यांच्या १९९३-९४ च्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. चांगला हा शेरा वाईट कसा? पण बढतीला 'अतिशय चांगला' लागत होता आणि त्यांना तो शेरा कधी कळवलाच नव्हता. न्यायालयाने सांगितले की, शेरा प्रतिकूल असो वा अनुकूल, प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, म्हणजे त्याला हरकत घेता येईल. न कळवणे म्हणजे मनमानी, आणि ती घटनेच्या १४ व्या कलमाला धरून नाही. पुढे २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हेच कायम केले. आज मुलकी खात्यातला शिपायापासून सचिवापर्यंतचा माणूस आपला अहवाल मागू शकतो, तो याच निकालांमुळे.

पण त्याच देव दत्त निकालात एक वाक्य आहे, ज्याच्याकडे आपल्या वकील मंडळींनी लक्ष द्यावे. हा आदेश लष्करी अधिकाऱ्यांना लागू होणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. त्यासाठी मेजर बहादूर सिंग यांच्या जुन्या प्रकरणाचा हवाला दिला. म्हणजे सीमेवर रस्ता बांधणाऱ्या अभियंत्याला आपला अहवाल वाचायचा हक्क, आणि त्याच रस्त्यावरून तुकडी घेऊन जाणाऱ्या अधिकाऱ्याला नाही! लष्करात थेट वरिष्ठाने दिलेले गुण अधिकाऱ्याला दाखवून त्याची सही घेतात. त्याच्या वरच्या दोन पायऱ्यांवर काय लिहिले गेले ते सहसा झाकलेलेच राहते. शिस्तीसाठी हे आवश्यक आहे असे सांगतात. शिस्तीचे म्हणणे आम्हांला मान्य आहे. पण झाकलेल्या पानाने शिस्त येते की लाचारी, हे ज्याने नोकरी केली आहे तोच सांगू शकेल.

आणि झाकलेल्या पानाचा तोटा सर्वांना सारखा होत नाही. ज्याचे वडील, काका, सासरे फौजेत वरच्या जागी होते, त्याला काही ना काही कळते. कुणीतरी फोन करून सांगते, अमुक वर्षाचा अहवाल बघून घे, तक्रार टाक. कोकणातल्या वाडीतून पहिल्यांदाच अधिकारी झालेल्या पोराला असा फोन कोण करणार? त्याला निकाल लागल्यावर समजते, आणि समजते तेव्हा मुदत सरलेली असते. सैन्यात जात पाहत नाहीत, असे आपल्याला सांगितले जाते. २००६ मध्ये सच्चर समितीने समाजवार आकडे मागितले तेव्हा सैन्यातून त्याला विरोधच झाला. आकडेच नसतील तर जात पाहतात की पाहत नाहीत, हे कोण कशावरून ठरवणार?

नोंद दुरुस्त करणे किती कठीण आहे, याचा एक दाखला सगळ्या देशाने पाहिला. जनरल व्ही. के. सिंग हे लष्करप्रमुख होते. त्यांच्या जन्मतारखेची लष्कराच्या एका शाखेत १० मे १९५१ अशी नोंद आणि दुसऱ्या शाखेत १० मे १९५०. मॅट्रिकच्या प्रमाणपत्रात १९५१, प्रबोधिनीच्या प्रवेश अर्जात १९५०. जानेवारी २०१२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारीला न्यायालयाचा कल पाहून त्यांनी अर्ज मागे घेतला. बढत्या घेताना आपण १९५० ही तारीख लेखी मान्य केली होती, हेच त्यांच्या आड आले. ३१ मे २०१२ रोजी ते निवृत्त झाले. लाखो सैनिकांवर ज्याचा हुकूम चालत होता, त्याला स्वतःच्या फाइलमधला एक आकडा बदलता आला नाही! राजकारण काय होते ते बाजूला ठेवा. आपल्या माणसाने यातून एवढे तरी घ्यावे की, चुकीच्या नोंदीखाली 'मान्य' म्हणून सही करण्याआधी दहा वेळा विचार करावा. बढती हातची जाईल या भीतीने केलेली सही पुढे गळ्याशी येते.

मग कुणालाच न्याय मिळत नाही का? तसेही नाही. महिला अधिकाऱ्यांची लढाई पाहा. त्यांना ठरावीक वर्षांपुरती नोकरी मिळत होती, कायम कमिशन नव्हते. २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज झाला, २०१० मध्ये तिथे त्या जिंकल्या आणि केंद्र सरकारच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तो १७ फेब्रुवारी २०२० रोजी. १७ वर्षे! निकाल हाती आल्यावर लष्कराने निवड मंडळ बसवले आणि अनेकींना पुन्हा नाकारले. कशावर? जुन्या सी.आर.वर. ज्या काळात ते अहवाल लिहिले गेले त्या काळात या बायकांना कायम कमिशन मिळणारच नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. त्यामुळे त्याने ते वरवर लिहिले. पुढच्या काळात त्यांनी मिळवलेली पदके, शाबासक्या, परदेशी मोहिमा मोजल्याच नाहीत. वयाच्या चाळिशी-पन्नाशीतल्या अधिकाऱ्याला पाचव्या किंवा दहाव्या वर्षीच्या पुरुष अधिकाऱ्याची शारीरिक कसोटी लावली.

२५ मार्च २०२१ च्या नितीशा प्रकरणातल्या निकालात न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. एम. आर. शाह यांनी याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हटले. नियम सर्वांना सारखा दिसतो, पण तो ज्या पायावर उभा आहे तो पायाच विषम असेल तर नियमही विषमच, असा त्याचा आशय. हे प्रकरण तिथेच थांबले नाही. कर्नल पदासाठी पुन्हा निवड झाली, पुन्हा कोणते अहवाल धरायचे याची सीमारेषा मनमानीने आखली गेली. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती मनमानी ठरवून निवड मंडळ पुन्हा बसवायला सांगितले.

आंबेडकरी चळवळीच्या वाचकाने हे निकाल बारकाईने वाचावेत. आपल्या कर्मचारी संघटना जे वर्षानुवर्षे सांगत आल्या, की अहवाल लिहिणाराच्या मनात आधीच निकाल असतो, ते सर्वोच्च न्यायालयाने महिलांच्या बाबतीत मान्य केले. अप्रत्यक्ष भेदभावाचे हे तत्त्व उद्या जातीच्या बाबतीत मांडता येणार नाही, असे कोण म्हणेल? त्यासाठी एखादे प्रकरण पुराव्यानिशी उभे करावे लागेल. महिला अधिकाऱ्यांनी तक्ते मांडले, कुणाचे किती गुण धरले आणि कुणाचे सोडले ते दाखवले. नुसता अन्याय झाला म्हणून ओरडून ते जमले नसते.

खरे तर अर्ज करून सैन्याच्या दप्तराशी भांडण्याची परंपरा कोकणाचीच आहे. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये हवालदार म्हणून निवृत्त झाले, दापोलीत राहिले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. अनार्य दोषपरिहारक मंडळी काढली. १८९२ च्या सुमारास इंग्रजांनी लढवय्या जातींचा सिद्धांत पुढे करून महारांची भरती बंद केली. ज्या मुंबई लष्करात महार माणूस सुभेदार मेजरपर्यंत चढत होता, त्याचे दार एका हुकमाने लागले. तेव्हा १८९४ मध्ये गोपाळबाबांनी मुंबईच्या सरसेनापतीसाठी विनंतीपत्र तयार केले. आमच्या पूर्वजांनी काय पराक्रम केला आणि आम्हांला कशासाठी वगळता, असा त्यातला सवाल होता. रामजी सुभेदारांनीही याच प्रश्नावर न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेतला होता. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. १९४१ मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. या रेजिमेंटने देशाला जनरल कृष्णराव आणि जनरल सुंदरजी असे दोन लष्करप्रमुख दिले. तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले, त्यांना परमवीरचक्र मिळाले.

कोरेगावच्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावे कोरली आहेत. त्यांतली २२ नावे 'नाक' प्रत्ययाची आहेत, तीच आपली ओळख. ती नोंद दगडावर नसती तर १ जानेवारी १८१८ ला तिथे कोण लढले, यावर आज किती वाद घातले गेले असते, कल्पना करा. दगडावर असूनही घालतातच.

आता कामाचे बोलू. समजा, संगमेश्वर तालुक्यातल्या एखाद्या अधिकाऱ्याला आपली बढती चुकीच्या नोंदीमुळे अडली असे वाटते. आधी त्याने सेनाप्रमुखांकडे साधी तक्रार करावी, मग सैन्य अधिनियम १९५० च्या २७ व्या कलमाखाली केंद्र सरकारकडे वैधानिक तक्रार. जवान आणि जे.सी.ओ. यांच्यासाठी २६ वे कलम आहे. तक्रार मान्य होऊन एखादा शेरा काढला गेला, तर निवड मंडळापुढे प्रकरण नव्याने ठेवता येते. तक्रार फेटाळली, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र सेना लवादाचे दार उघडते. २००७ च्या कायद्याने हा लवाद झाला, ऑगस्ट २००९ पासून तो काम करतो, महाराष्ट्रासाठी खंडपीठ मुंबईत आहे. देवरूखहून संगमेश्वर रोड स्थानक गाठून कोकण रेल्वेने जावे लागते, पण दिल्लीपेक्षा बरे. मधल्या काळात सदस्यच न नेमल्यामुळे देशातली अनेक खंडपीठे ठप्प होती, हे सरकारचे कर्तृत्व! लवादाने न्याय दिला नाही तर उच्च न्यायालयात जाता येते की नाही, यावर बरीच वर्षे गोंधळ होता. २१ मार्च २०२३ रोजी परशोतम दास प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तो मिटवला. २२६ व्या कलमाखालचा उच्च न्यायालयाचा अधिकार शाबूत आहे.

प्रादेशिक सेनेतल्या माणसाला दुय्यम समजून हाकलता येत नाही, हेही आता ठरले आहे. पानी राम नावाचे जवान नियमित सैन्यातून निवृत्त होऊन प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण दलात पुन्हा दाखल झाले होते. अपघातात त्यांचा पाय गेला. नियमात बसत नाही म्हणून त्यांना अपंगत्वाची पेन्शन नाकारली. १७ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती द्यायला लावली.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवला पाहिजे, कारण इथेच आपली माणसे फसतात. २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पेन्शन आणि बढती यांना वेगळे काढले. पेन्शन चुकीची मिळत असेल तर ती चूक दर महिन्याला नव्याने होते, म्हणून उशिरा गेले तरी दाद मिळते. थकबाकी मात्र बहुधा मागच्या तीनच वर्षांची. बढतीचे आणि ज्येष्ठतेचे तसे नाही. त्यात दुसऱ्यांचे हक्क गुंतलेले असतात, म्हणून उशीर झाला की दावा शिळा ठरतो. निवृत्त झाल्यावर, पोरांची लग्ने उरकल्यावर, मग बघू असे म्हणणाऱ्याला पेन्शन मिळेल, हुद्दा मिळणार नाही.

तेव्हा ज्यांची मुले, भाऊ आज प्रादेशिक सेनेत आहेत त्यांनी एवढे करावे. प्रत्येक वेळी बोलावल्याचा हुकूम, घरी पाठवल्याचा हुकूम, प्रवासाचा वॉरंट, त्या महिन्यांची पगाराची चिठ्ठी, शिबिराचे प्रमाणपत्र, सगळ्याच्या दोन-दोन प्रती काढून एक घरी ट्रंकेत ठेवावी आणि एक नात्यातल्या दुसऱ्या घरात. कोकणातला पावसाळा कागदाला सोडत नाही. दरवर्षी आपल्या पार्ट टू ऑर्डर तपासून घ्याव्यात, आणि चूक दिसली तर त्याच वर्षी लेखी कळवावे, तोंडी सांगून मोकळे होऊ नये. रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलात तर अर्ज देऊन तसेच परत येऊ नका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या, आणि शिक्क्याखाली आवक क्रमांक व तारीख नीट उमटली आहे ना, ते खिडकीपाशीच वाचून पाहा.